चाळीस चिंचोक्यांची बरणी

कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. पण वाघदऱ्याच्या अंगणवाडीत एक काचेची बरणी होती, तिच्यातून रोज सकाळी एक चिंचोका बाहेर निघायचा आणि तरी बरणी काही तळ दाखवत नव्हती. भगत नाही, अंगारा नाही, लिंबू-मिरची नाही. लोणच्याची साधी बरणी, वर हिरवं झाकण. आठवडा झाला, दहा दिवस झाले, चिंचोके आपले आहेत तेवढेच. पाथर्डीच्या बाजारात ही बातमी गेली असती तर बरणीला हळदकुंकू वाहायला रांग लागली असती. पण सांगणार कोण? हे गुपित ठाऊक असलेला माणूस अख्ख्या तालुक्यात एकच, आणि तोच नेमका तालुक्यातला नावाजलेला थापाड्या. जन्मात पहिल्यांदा हाताशी खरीखुरी अचाट गोष्ट आली होती आणि तिच्याबद्दल तोंड उघडायची सोय नव्हती.

सूर्यभान आबा त्यांचं नाव. वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. अलीकडे की पलीकडे हे ते समोरचा माणूस बघून सांगत. आबांची प्रत्येक गोष्ट एकाच वाक्यानं सुरू व्हायची, "कुणाचा इस्वास बसायचा न्हाई, पर..." आणि मग खर्ड्याच्या किल्ल्यात त्यांनी तरुणपणी मारलेली हाक तीन दिवसांनी परत आलेली असायची, तीही सर्दी होऊन. किंवा त्यांच्या जुन्या बैलाला तंबाखूची अशी सवय लागलेली असायची, की नांगर अर्ध्या तासात थांबवून तो मान वळवून चुना मागायचा. लोक ऐकायचे, हसायचे, "आबा, लई झालं" म्हणायचे आणि वर चहा पाजायचे. थाप पकडली जावी अशाच बेतानं आबा ती रचायचे. पकडली गेली तिला थाप म्हणत नाहीत, ती करमणूक, असा त्यांचा कायदा होता. न पकडली जाणारी थाप त्यांनी उभ्या आयुष्यात मारली नव्हती. ह्या संक्रांतीपर्यंत.

आता संक्रांतीचं कळायचं तर आधी दिवाळीचं ऐकावं लागेल.

दिवाळी सरली की वाघदरा रिकामा होतो. ट्रकमध्ये भांडी चढतात, पत्रे चढतात, शेळ्या चढतात, वर माणसं चढतात आणि ऊसतोडीला खाली कारखान्यांकडे निघून जातात. मागं उरतात म्हातारी माणसं, कुत्री आणि कुलपं. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. आबांचा लेक ज्ञानेश्वर आणि सून आरती हा त्यातलाच एक कोयता. गेल्या साली त्यांची सृष्टी, चार वर्षांची, त्यांच्याबरोबर फडात होती. उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे खोपटात, निजायची आणि उसाच्या गाड्यांच्या चाकांमधून खेळायची. एकदा चाक तिच्या परकरावरून गेलं. परकरच गेला, पोर वाचली.

म्हणून यंदा अंगणवाडीच्या पंकजाताई मुद्दाम घरी आल्या आणि म्हणाल्या, पोरीला इथंच ठेवा. आरतीचा पाय निघेना. तेव्हा आबांनी छातीवर हात मारला. घरात बाईमाणूस नव्हतं, आबांची कारभारीण तीन सालांमागं गेली. पण शेजारी भावजय होती दगडाबाई, ती भाकरी थापून द्यायला आणि पोरीची वेणी घालायला तयार झाली. राहिलं काय, तर पोरीला रमवणं. त्यात तर आबांचा हात धरणारा कोण?

"तुझी सय बी येऊ द्यायचा न्हाई मी तिला," आबा सुनेला म्हणाले.

हे वाक्य तेव्हा सगळ्यांना गोड वाटलं होतं.

पहिले दोन महिने तर आबांच्या घराला पालवी फुटली. तीन साल ज्या घरात फक्त कोंबडी बोलत होती तिथं आता सकाळपासून प्रश्न सुरू झाले. दुपारी अंगणवाडी सुटली की सृष्टी आबांच्या बोटाला धरून घरी यायची आणि आबा विचारायचे, आज काय शिकलात? ती सांगायची, आज आमी मुंगी झालो. दुसऱ्या दिवशी दुकान-दुकान खेळलो. तिसऱ्या दिवशी ताई अस्वल झाल्या आणि आमी सगळे मध झालो. आबांना हसावं की रडावं कळेना. त्यांच्या वेळी मास्तर छडीनं शिकवायचे. आबांना एकोणतिसाचा पाढा अजून झोपेत येतो, तो त्या छडीच्या आठवणीनंच. इथं पाटी नाही, पुस्तक नाही, रडणं तर नाहीच. बाटल्यांची झाकणं, कणसांची बुरकुंडं, चिंचोके, वाळू आणि गाणी. ते दगडाबाईला म्हणाले, "निस्ती नाचत्यात पोरं. सरकारनं तमाशा काढलाय फुकटचा." दगडाबाई म्हणाली, "मग तुमाला का बोलावत्यात दर शनिवारी? नाच्या कमी पडला असंल."

ते खरं होतं. दर शनिवारी पंकजाताई आबांना गोष्ट सांगायला बोलवायच्या. छोट्या लाकडी बाकावर गुडघे हनुवटीला लावून आबा बसायचे, पुढं चौदा पोरं, आणि खर्ड्याची हाक परत परत सर्दी होऊन यायची. पोरं "खोटं, खोटं" म्हणून ओरडायची. आबांना वाटायचं, ह्यापरता स्वर्ग नाही. आणि त्या चौदा तोंडांतलं एक तोंड रात्री आपल्याच घरी जेवतं, ह्या विचारानं त्यांची मान आणखी ताठ व्हायची.

आणि मग संक्रांतीच्या चार दिवस आधी आरतीचा फोन आला.

सृष्टी अंगणवाडीत होती. आरती वाऱ्यातून बोलत होती, शब्द तुटत होते. तिनं सांगितलं, मुकादम दोन दिवसांची सुट्टी देतोय, टेम्पो पाथर्डीकडं यायलाय, तीन बाया निघाल्यात. येऊ का?

आबा "ये" म्हणायला तोंड उघडणारच होते. पण समोर उंबऱ्यात पोरीची एक चप्पल पडली होती, लहानशी, उपडी. आबांना दिसलं: आरती येणार, दोन दिवस राहणार आणि तिसऱ्या दिवशी टेम्पो सुटताना ही चप्पल त्या टेम्पोत असणार. पोरगी आईच्या गळ्यातून सुटायची नाही आणि आईलाही सोडवायची नाही. मग घरात पुन्हा कोंबडी. चाकाची भीती होती, ती खरीच होती. आबांनी पुढं स्वतःला कितीदा तरी चाकाचंच कारण सांगितलं. पण त्या घटकेला त्यांच्या डोळ्यांपुढं चाक नव्हतं, रिकामं घर होतं.

"कशापायी येतीस एवढ्या लांब?" आबा म्हणाले. "ती तर तुला इसरली. परवा दगडाबाईनं इचारलं, तुझी आई कोण गं, तर म्हणली पंकजाताई."

आणि ते थांबले. नेहमीप्रमाणे थांबले. इथं समोरच्यानं "आबा, काय बी सांगता" म्हणायचं असतं. आरती गेली आठ वर्षं म्हणत आली होती. आबा वाट बघत राहिले. फोनमध्ये वारा वाजत राहिला.

"इसरली व्हय," आरती शेवटी म्हणाली. "बरं झालं. रडत तरी न्हाई मग."

फोन बंद झाला. थाप कुणी पकडली नाही तर तिचं काय होतं, हे आबांना सत्तराव्या वर्षी कळलं. ती खरी होऊन बसते.

परत फोन लावता आला असता. त्या दिवशी लावता आला असता, दुसऱ्या दिवशीही आला असता. आबा दोनदा पारापर्यंत गेले, तिथं रेंज चांगली मिळते. दोनदा तंबाखू खाऊन परत आले.

संक्रांतीला टेम्पो आला. तीन बाया उतरल्या, तिघींना त्यांची पोरं बिलगली. सृष्टीला कुणीतरी सांगितलं होतं की टेम्पोत आया येणार आहेत, म्हणून तीही पाराशी उभी होती. अंगणवाडीत मिळालेला तिळाचा लाडू तिनं मुठीत धरला होता. टेम्पो रिकामा झाल्यावर तिनं फाळक्याला धरून आत बघितलं, मग ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन तिथंही बघितलं. आबा म्हणाले, खा की लाडू. ती म्हणाली, आईचा हाय. संध्याकाळपर्यंत लाडूचा चिखल झाला. आबांनी तिचा हात धुऊन दिला तेव्हा तीळ एकेक करून बोटांना चिकटून राहिले होते, निघता निघेनात.

त्यानंतर सृष्टी मुंगी होईना, मधही होईना. अंगणवाडीच्या दारात बसून राहायची, रस्त्याकडं तोंड करून. पंकजाताईंनी तिला ओढून आत नेलं नाही. त्यांनी सगळा खेळच दाराशी आणला. तरी ती बघेना. त्यांनी आबांना विचारलं, घरी काही झालं का? आबा म्हणाले, काही न्हाई. पंकजाताईंनी त्यांच्याकडं जरा जास्त वेळ बघितलं, असं आबांना वाटलं. चोराला वाटतं, सगळेच आपल्याकडं जास्त वेळ बघतात.

तेव्हा ती बरणी जन्माला आली.

ज्ञानेश्वर दिवाळीत म्हणाला होता की फेब्रुवारीच्या शेवटी पट्टा पडेल, म्हणजे कारखाना बंद होईल. आबांनी बोटांवर तीन वेळा मोजलं आणि तिन्ही वेळा चाळीस आले. दगडाबाईच्या मडक्यातून चाळीस चिंचोके आणले, बरणीत टाकले आणि नातीला सांगितलं: रोज सकाळी एक काढायचा, बरणी रिती झाली की आई दारात. ही थाप नाही, आबांनी मनाला बजावलं. हे मोजलेलं आहे. संक्रांतीचं पाप फेडायला ते आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलत होते.

पोरगी बरणी घेऊन अंगणवाडीतच गेली, कारण आई येणार ती त्याच रस्त्यानं. रोज पहिलं काम तेच. चिंचोका काढायचा आणि पोचवायला आलेल्या आबांच्या बंडीच्या खिशात टाकायचा: "ठेवा." पंकजाताईंनी त्याचाही खेळ केला. पोरं बरणी उचलून बघायची, आज हलकी झाली का. कानाशी हलवून बघायची, आज आवाज बदलला का. आठवड्यात सृष्टी हसायला लागली. दुसऱ्या आठवड्यात ती अस्वल झाली आणि ताईंनाच मध केलं. आबांच्या खिशात चिंचोके वाजायचे आणि त्यांना ते पुण्य वाजल्यासारखं वाटायचं.

बरणीत चौदा राहिले होते तेव्हा ज्ञानेश्वरचा फोन आला. ऊस अजून उभाच आहे, पट्टा आता मार्च सरता सरता. पोरीला सांगा.

पोरीला सांगा! जेवताना सांगू म्हणून आबांनी घास खाली ठेवला. तेवढ्यात सृष्टी म्हणाली, "आबा, आता थोडेच हायेत ना?" आणि बोटं उघडून दाखवली, सगळी दहा, आणि पायाची चार. आबांनी घास परत उचलला.

दुसऱ्या दिवशी पोरं बाहेर हात धुऊन खिचडीला बसली असताना आबा पाणी प्यायला म्हणून आत गेले. हिरवं झाकण फिरवलं. सकाळी खिशात आलेला चिंचोका परत बरणीत टाकला. केवढासा आवाज, टक. आबांना तो पार वेशीपर्यंत ऐकू गेल्यासारखा वाटला. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. म्हणजे सकाळी पोरगी एक दिवस काढायची आणि दुपारी आजा तोच दिवस परत ठेवायचा. असा चमत्कार आबांच्या कुठल्याही गोष्टीत नव्हता.

पोरगी ओळखेल ही भीती त्यांना नव्हती. त्यांनी तिची परीक्षाच घेतली होती. विचारलं, वीसच्या पुढं काय गं? ती म्हणाली, "तीन." आबांच्या जिवात जीव आला. मुंग्या आणि अस्वलं होऊन काय डोंबल येणार आहे मोजायला? खेळगाण्यांचा तो तमाशा त्यांना आता फार बरा वाटायला लागला. छडीचा मास्तर असता तर एव्हाना घात झाला असता.

पण जेवण जाईना. रोज सकाळी ती "ठेवा" म्हणून चिंचोका द्यायची तेव्हा तिच्या बोटांचा ओलसरपणा खिशात उतरायचा, आणि आबा तिच्याकडं न बघता "व्हय, ठेवला" म्हणायचे. दगडाबाई म्हणाली, "दाजी, तोंड का उतरलंय? थापा संपल्या का काय?" आबा हसले. हसू गालापर्यंतही पोचलं नाही.

दहाव्या की अकराव्या दुपारी बरणीत हात असतानाच पंकजाताई ताटल्या न्यायला आत आल्या.

"मोजत हुतो," आबा म्हणाले.

पंकजाताई कपाटातून ताटल्या काढत राहिल्या. मग त्यांनी सहज बोलावं तसं सांगितलं, "आबा, इथं पोराचं चुकलं तरी आम्ही चुकलं म्हणून हिसकावत नाही. त्याचं त्याला दिसेपर्यंत थांबतो. दिसलं की पोरं स्वतःच सुधारतात." आणि ताटल्या घेऊन गेल्या.

आबा घरी आले ते कानशिलं तापवून. रात्रभर ठरवलं की उद्या सांगायचं. पण सकाळ झाली आणि पोरगी उड्या मारत पुढं निघाली, तेव्हा आबांच्या डोक्यात चोराचं शहाणपण आलं: रोज रोज पाप करण्यापेक्षा एकदाच मोठं करावं आणि मोकळं व्हावं. रोज पकडलं जायचं भय तरी नको. त्या शुक्रवारी दुपारी त्यांनी दगडाबाईच्या मडक्यातून मूठ भरून आणली आणि बरणीत ओतली. किती होते कोण जाणे. मोजायचा धीर नव्हता.

आबा आत जायचे ते दुपारीच. सकाळी उंबऱ्यातूनच परत फिरायचे. म्हणून शुक्रवारी सकाळी आत काय खेळ झाला होता हे त्यांना माहीत नव्हतं.

शनिवार आला. गोष्टीचा दिवस. आबा बाकावर बसले. सृष्टीनं बरणीतून एक चिंचोका काढला, येऊन खिशात टाकला, आणि मग ती बरणी घेऊन दारात गेली. आबांना वाटलं, आता जागेवर बसेल. ती बसली नाही. तिनं उंबऱ्याजवळच्या पहिल्या फरशीवर एक चिंचोका ठेवला. दुसऱ्या फरशीवर दुसरा. भिंतीच्या कडेकडेनं एका फरशीला एक, अशी ती सरकत चालली आणि मागून बाकीची पोरं एका पायावर, चिंचोका न हलवता, फरशीवरून फरशीवर उड्या मारत निघाली. कालपासूनचा नवा खेळ होता तो: आईची वाट. रोज वाट एक फरशी आखूड होणार होती.

अंगणवाडीच्या भिंतींवर चित्रं आहेत. दारापासून आधी सूर्य, मग ससा, मग चिमणी, कोपरा, पलीकडच्या भिंतीवर मोर, माकड आणि शेवटी हत्ती. सूर्य गेला. ससा गेला. चिमणीखाली सृष्टी थांबली आणि तिनं बरणीत बघितलं. मग पुढच्या फरशीवर एक ठेवला, आणखी एक. कोपरा वळला. मोर गेला. पोरांना मजा वाटली, वाट लांब झाली म्हणजे उड्या जास्त. ती टाळ्या पिटायला लागली. सृष्टी एकटी गप्प. शेवटचा चिंचोका हत्तीच्या पायाखाली पडला.

ती तिथं उभी राहून चिमणीकडं बघत राहिली. वीसच्या पुढं काय हे तिला माहीत नव्हतं. पण काल वाट चिमणीखाली संपली होती आणि आज हत्तीखाली, एवढं कळायला वीस कशाला लागतात?

"ताई," ती म्हणाली, "आई लांब गेली."

पंकजाताई तिच्याजवळ जाऊन उकिडव्या बसल्या. त्या आबांकडं बघत नव्हत्या, हेच आबांना सोसेना. सांगायची वेळ हीच होती, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. घसा खाकरून त्यांनी तोंड उघडलं, आणि साठ वर्षांच्या सवयीनं आधी तेच वाक्य बाहेर आलं.

"कुणाचा इस्वास बसायचा न्हाई, पर..." आणि एकदा ते आलं की पुढचं आपोआप. चिंचोके व्याले. रात्री बरणीत व्याले. आबांनी स्वतः बघितलं असं तर ते म्हणणार नाहीत, पण अशा थंडीत चिंचोका अंग चोरून बसला की समजावं, ह्याचे दिवस भरले. सकाळी बघावं तर शेजारी चार पिल्लं, डोळे मिटलेली, आईसारखी तपकिरी. पोरं खदखदली. एक म्हणालं, आमच्या घरी पण व्यावेत. दुसऱ्यानं लगेच फरशीवरचा एक चिंचोका उचलून पोटाशी धरला.

सृष्टीही हसली. जरा वेळच, पण हसली. आबांना वाटलं, सुटलो.

मग ती वाटेवरून परत चालत आली, खाली बघत, एकेक चिंचोका निरखत. बाकापाशी येऊन उभी राहिली.

"ह्यातली आई कुठली?" तिनं विचारलं.

"आं?"

"व्यालेली कुठली? दावा."

आबांनी फरशीकडं बघितलं. सगळे चिंचोके सारखेच. कुठल्याही एकाकडं बोट केलं असतं तरी चाललं असतं. पाच वर्षांच्या पोरीला पटवणं त्यांच्या डाव्या हाताचा मळ होता. पण बोट उठेना. त्यांना तीळ चिकटलेला तो लहान हात दिसत राहिला.

"आईला इचारू," सृष्टी म्हणाली. "चिंचोके व्यात्यात का ते. तिला म्हायती आसंल."

ती हे पंकजाताईंना म्हणाली. पंकजाताईंनी आबांच्या तोंडाकडं पाहिलं, वाट बघितली, आणि मग आपला फोन काढून ज्ञानेश्वरचा नंबर लावला. फोनचा आवाज मोठा केला आणि तो आबांच्याच हातात दिला. इथं हिसकावून घेत नाहीत. ज्याचं त्याला दिसेपर्यंत थांबतात.

बराच वेळ रिंग वाजली. मग ज्ञानेश्वरचा आवाज, आबांचं "आरतीला दे", मग "तुझ्या सासऱ्याचा हाय" म्हणून कुणाला तरी दिलेली हाक, पाचटाची सळसळ, लांब कुठंतरी ट्रॅक्टर, आणि धापा टाकत आरती आली.

"आबा? समदं बरं हाय ना?"

"बरं हाय की," आबा म्हणाले.

"सृष्टी?"

"हाय. खेळती."

पुढं काय बोलावं हे आबांना ठाऊक होतं. दीड महिना ते वाक्य त्यांच्या खिशात चिंचोक्यांबरोबर वाजत होतं: पोरे, तवा मी खोटं बोललो, ती तुला इसरली न्हाई, तू ये. एवढंच. त्यांच्या कुठल्याही गोष्टीपेक्षा लहान. चौदा पोरं फरशीवर उकिडवी बसून फोनकडं बघत होती, जणू त्यातून आता पिल्लं बाहेर पडणार होती.

मग आरतीनं विचारलं, तसं विचारायची लाज वाटावी इतक्या हळू, "आबा, माझी सय येती का तिला कवा? का अजून ताईंनाच आई म्हणती?"

आबांनी सृष्टीकडं बघितलं. ती बघत होती. त्यांना वाटलं, आता खरं बोललो तर सुनेच्याही आधी हिला कळेल: टेम्पो का रिकामा होता, लाडूचा चिखल का झाला, वाट हत्तीपर्यंत का गेली. आणि आबांची जीभ सुटली ती नेहमीच्याच बाजूला सुटली.

"छे गं," आबा म्हणाले, आणि हसल्यासारखा आवाज काढला. "कशाची सय न् काय. लई मजेत हाय ती. तुझं नाव बी काढत न्हाई. कालच मला म्हणली, आबा..."

सृष्टीनं त्यांच्या मनगटाला धरून फोन खाली ओढला, आपल्या तोंडापाशी आणला. ती रागावली नव्हती. अंगणवाडीत एखाद्याचं मण्यांच्या रंगसाखळीत चुकलं की पोरं जशी शांतपणे बोट ठेवून दाखवतात, तशी ती बोलली.

"आई," ती म्हणाली, "आबा खोटं बोलत्यात."